वाचकांचे प्रश्न : चित्र काढता काढता लाइव्ह, तेही फुकटात

या वेळी एकाच विषयाची पत्रं जास्त आली. पेन-टॅब्लेटवर किंवा फोनवर चित्र काढताना ते लोकांना थेट दाखवायचं आहे, पण सॉफ्टवेअरवर पैसे घालायचे नाहीत. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी क्रितामध्ये चित्रं काढते. लॅपटॉप आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ओबीएस, स्ट्रीमलॅब्ज, स्ट्रीमयार्ड अशी बरीच नावं ऐकली. नेमकं काय घ्यावं? आणि लाइव्हमध्ये पेन्सिलच्या बारीक रेघा पुसट दिसतात, त्याला काय करायचं?
— कलामहाविद्यालयातील विद्यार्थिनी, कोल्हापूर

ओबीएस स्टुडिओ घ्या. ते पडद्यावरचं चित्र लाइव्ह पाठवणारं मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेलं, फुकट) सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, वेळेची मर्यादा घालत नाही आणि पडद्यावर स्वतःचा शिक्का मारत नाही. स्ट्रीमयार्ड ब्राउझरमध्येच चालतं, शिकायला सोपं आहे. पण फुकटच्या खात्यात त्यांचा लोगो तुमच्या चित्रावर राहतो. स्ट्रीमलॅब्ज डेस्कटॉप ओबीएसच्याच पायावर उभं आहे, पण त्यावर अलर्ट, थीम, दुकान असा पसारा आहे. ८ जीबीच्या मशीनवर ती रॅम क्रिताला लागणार आहे.

ओबीएस पहिल्यांदा उघडलं की ऑटो-कॉन्फिगरेशन विझार्ड येतो. तो चालवा, पण त्याने सुचवलेले आकडे नंतर स्वतः तपासा. आउटपुटमध्ये एनकोडर (चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारा भाग) म्हणून क्विकसिंक निवडा. तो इंटेलच्या चिपमध्येच असतो आणि प्रोसेसरवरचा बराच भार काढून घेतो. रेट कंट्रोल सीबीआर, बिटरेट २५०० (सेकंदाला जाणारे किलोबिट; १००० म्हणजे १ एमबीपीएस), कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद, ऑडिओ १६०. व्हिडिओमध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ३०. ६० कशालाही लागत नाही. या हिशोबाने तासाला साधारण १.२ जीबी डेटा वर जातो. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नव्हे, आणि ज्या वेळी लाइव्ह जाणार त्याच वेळी बघा. बिटरेट त्या आकड्याच्या निम्म्याच्या आत ठेवला की निर्धास्त.

आता रेघा. तुमचा पडदा १९२०×१०८० चा आणि लाइव्ह १२८०×७२० चं असलं, तर पडद्यावरची एक पिक्सेलची रेघ दोन-तृतीयांश पिक्सेलमध्ये कोंबली जाते. ती पुसट दिसणारच. यावर बिटरेट वाढवून फरक पडत नाही. सेटिंग्जच्या व्हिडिओ भागात बेस आणि आउटपुट दोन्ही रिझोल्यूशन १२८०×७२० करा आणि डिस्प्ले कॅप्चर (पूर्ण पडदा पकडणारा सोर्स) लहान न करता तसंच ठेवा. ते चौकटीबाहेर जाईल, जाऊ द्या. मग ऑल्ट दाबून सोर्सच्या लाल चौकटीची कड माउसने आत ओढा. कड हिरवी होते आणि तेवढा भाग कापला जातो. डावीकडची टूलपट्टी आणि उजवीकडचे लेयर-डॉकर असे कापून फक्त कॅनव्हास आत बसवला की पडद्यावरचा एक पिक्सेल प्रेक्षकाकडेही एक पिक्सेल म्हणूनच जातो. लेयर दाखवायचे असतील तेव्हासाठी पूर्ण पडद्याचा दुसरा सीन (मांडणी) करून ठेवा आणि हॉटकीने बदला.

दुसरं कारण तुमच्या हातात आहे. एनकोडर आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतो, त्यामुळे स्थिर कॅनव्हासवर चाललेल्या ब्रशला २५०० पुरेसे होतात. पण कॅनव्हास झूम केला किंवा फिरवला की एकूण एक पिक्सेल बदलतो, तेवढा डेटा पाठवायला जागा नसते, आणि चित्रात चौकोनी ठोकळे दिसून एक-दोन सेकंदांनी निवळतात. सतत चाक फिरवत झूम करण्याची सवय असेल तर लाइव्हमध्ये ती आवरा; ठरलेल्या टप्प्यांवर उडी मारा. कागदाचा खरखरीत पोत पूर्ण कॅनव्हासभर टाकला असेल तर तो शेवटपर्यंत लपवून ठेवा.

ओबीएस सुरू केलं की ब्रश हाताच्या मागे राहतो. बंद केलं की ठीक. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?
— नागपूर

लगेच नको. ओबीएसच्या डॉक्स मेनूत स्टॅट्स आहे, ते उघडून दहा मिनिटं चित्र काढा आणि तीन ओळी बघा. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्स चिप दमते आहे. एनकोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम वाढत असतील तर एनकोडर. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम असतील तर दोष इंटरनेटचा, लॅपटॉपचा नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच लोक भलत्या ठिकाणी हात घालतात.

पहिल्या प्रकारात ओबीएसचा प्रिव्ह्यू बंद करा (प्रिव्ह्यूवर उजवं क्लिक करून खूण काढायची), कारण चित्र काढताना तो कोणी बघत नाही. विंडोजवर ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं तर त्याला ग्राफिक्स चिपवर अग्रक्रम मिळतो. चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग आवरतात. दुसऱ्या प्रकारात एनकोडर एक्स२६४ वर (तो प्रोसेसरवर चालतो) राहिला आहे का बघा. तोच वापरावा लागत असेल तर प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ किंवा त्याहून वेगवान ठेवा. तिसऱ्यात बिटरेट कमी करा आणि शक्य असेल तर वायफायऐवजी केबल जोडा.

तिन्ही ओळी शून्याजवळ आणि तरीही ब्रश मागे, असं असेल तर दोष बहुधा फाइलच्या आकाराचा. ए३ आकार ३०० डीपीआयला ३५०८×४९६१ पिक्सेल होतो, म्हणजे ८-बिट रंगात भरलेला एक लेयर सुमारे ७० एमबी. असे वीस लेयर झाले की १.४ जीबी, आणि १६-बिटमध्ये त्याच्या दुप्पट. त्यात अनडूचा साठा वेगळा. लाइव्हपुरतं १५० डीपीआयवर काम केलं तर हाच आकडा चौथाईवर येतो. क्रिताच्या ब्रश टूलच्या पर्यायांत स्मूदिंग ‘स्टॅबिलायझर’वर नाही ना, तेही बघून घ्या. त्यात रेघ मुद्दामच हाताच्या मागे ठेवलेली असते. ओबीएससोबतच ती सवय बदलली असेल तर खापर उगाच ओबीएसवर फुटतं.

डिस्प्ले कॅप्चर लावलं तर सगळं काळं दिसतं. विंडो कॅप्चर लावलं तर चित्र दिसतं, पण क्रिताचे डायलॉग आणि रंगांचं पॉपअप पॅलेट प्रेक्षकांना दिसत नाही.
— पुणे आणि ठाणे येथील दोन वाचक

काळा पडदा हा दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपचा जुना आजार. पडदा इंटेलच्या किंवा एएमडीच्या अंगच्या चिपवर चालतो आणि ओबीएस एनव्हिडियावर, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पडदा दिसत नाही. विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्समध्ये ओबीएस शोधा, ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा आणि ओबीएस बंद करून पुन्हा उघडा. मॅकवर काळं दिसलं तर प्रायव्हसीमधली स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी राहिलेली असते. वेलँडवर चालणाऱ्या लिनक्समध्ये पाइपवायरचा स्क्रीन कॅप्चर सोर्स निवडायचा.

विंडो कॅप्चर एकच खिडकी पकडतं आणि डायलॉग ही वेगळी खिडकी असते, म्हणून ते दिसत नाहीत. शिकवताना डिस्प्ले कॅप्चरच हवं. मात्र मग व्हॉट्सअ‍ॅपचं नोटिफिकेशनही सगळ्यांना दिसतं. विंडोजचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि ब्राउझरमधून व्हॉट्सअ‍ॅप वेब बंदच करा.

यूट्यूब, ट्विच की पिकार्टो? मी अकरावीत आहे.
— छत्रपती संभाजीनगर

वयाचं आधी. यूट्यूबने २२ जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह जाण्यासाठी किमान वय १६ केलं आहे. तुमची सोळा पूर्ण असतील तर खात्याला फोन नंबर जोडून पडताळणी करा. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा कार्यक्रम जाहीर करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे टाळू नका. फोनच्या अ‍ॅपवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात. ओबीएसमधून जायला ही अट नाही.

मराठी प्रेक्षक हवा असेल तर यूट्यूबच. शिवाय १२ तासांच्या आतलं लाइव्ह तिथे आपोआप जतन होतं आणि नंतरही लोकांना शोधून सापडतं. ट्विचवर आर्टचा स्वतंत्र विभाग आहे आणि गप्पांची सवय असलेले लोक आहेत, पण नव्या चॅनेलचे जुने व्हिडिओ ७ दिवसच राहतात, तेही ‘स्टोअर पास्ट ब्रॉडकास्ट्स’ चालू केलं असेल तरच. ट्विचची एक मेख कमी लोकांना माहीत असते. नव्या चॅनेलला कमी दर्जाच्या प्रती मिळतीलच असं नाही. यूट्यूब एकाच प्रवाहाच्या ३६०, ४८० अशा प्रती करतं, म्हणून एसटीत बसलेला माणूसही बघू शकतो. ट्विचवर तुम्ही ६००० ने पाठवलं तर समोरच्यालाही ६००० नेच घ्यावं लागू शकतं, आणि त्याच्याकडे चाक फिरत राहतं. तिथे २५०० च्या वर जाऊ नका.

पिकार्टो फक्त चित्र-शिल्पवाल्यांसाठी आहे. गर्दी कमी, पण आलेला माणूस ब्रश बघायला आलेला असतो. चित्रांची कामं परदेशातून घेण्याचा विचार असेल तर तिथे खातं ठेवा. अकरावीत तिन्हीकडे धावू नका.

आमच्या गावात फक्त मोबाइलचं नेट, अपलोड कधी १, कधी अर्धा एमबीपीएस. रोजचा डेटा २ जीबी. लाइव्हचा नाद सोडावा का?
— सिंधुदुर्ग जिल्हा

व्हिडिओचा नाद सोडा, लाइव्हचा नको. ड्रॉपाइल नावाचं मुक्त स्रोत चित्र-सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. ते व्हिडिओ पाठवतच नाही. तुम्ही ओढलेल्या रेघेची माहिती, म्हणजे ब्रश कोणता, कुठून कुठे, दाब किती, एवढीच पाठवतं आणि बघणाऱ्याचं मशीन ती रेघ स्वतः काढतं. त्यामुळे डेटा व्हिडिओच्या मानाने नगण्य लागतो आणि रेघ अजिबात धूसर होत नाही. बघणारा स्वतः झूम करून बघू शकतो.

होस्ट करताना त्यांचा सार्वजनिक सर्व्हर निवडा, सत्राला नाव आणि पासवर्ड द्या आणि येणारी लिंक ग्रुपवर टाका. एक काळजी घ्या. सत्रात आलेला माणूस चित्रही काढू शकतो, म्हणून सुरुवातीलाच नव्या सदस्यांना कुलूप लावण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर कोणी तरी तुमच्या आकाशात मिशा काढेल. संपल्यावर फाइल ओआरए स्वरूपात जतन केली की लेयरसकट क्रितात उघडते. आवाज यात जात नाही. बोलायचं असेल तर बाजूला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप व्हॉइस कॉल लावा. नुसत्या आवाजाला एवढं नेट पुरतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना टॅब्लेटवर काढून शिकवायचं आहे. फक्त माझ्याच मुलांना दिसलं पाहिजे.
— चित्रकला शिक्षक, सातारा

सर, इथे प्रश्न मुलांनी उलट विचारण्याचा आहे. त्यांनी ‘सर, ती रेघ पुन्हा दाखवा’ म्हणावं असं वाटत असेल तर यूट्यूब नको. तिथे तुमचं चित्र काही सेकंद उशिराने पोचतं. शिवाय ‘लहान मुलांसाठी’ अशी खूण केलेल्या व्हिडिओवर यूट्यूब लाइव्ह चॅट बंद करतं.

गूगल मीट घ्या. फुकटच्या खात्यात तीन किंवा अधिक जण असले की ६० मिनिटांची मर्यादा आहे, ती तासिकेला पुरते. झूमची ४० मिनिटं अपुरी पडतात. मर्यादा नकोच असेल तर जित्सी मीट. त्यांच्या सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला लॉगिन लागतं, मुलांना लागत नाही. मीटमध्ये ओबीएसचा व्हर्च्युअल कॅमेरा लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो तुम्ही ऐकू नका. अशी सॉफ्टवेअरं कॅमेऱ्याचं चित्र चेहऱ्यासाठी म्हणून दाबतात, त्यात रेघेचं पीठ होतं. ‘प्रेझेंट’ करून थेट क्रिताचा पडदा द्या; शेअर केलेल्या पडद्यासाठी स्पष्टपणा सांभाळला जातो. कागद आणि हातही दाखवायचा असेल तेव्हाच व्हर्च्युअल कॅमेरा. तुम्हाला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसेल, मुलांना सुलटंच दिसतं.

फोनवर आयबिसपेंटमध्ये काढतो. घरात जुना विंडोज ७ चा संगणक आहे. जमेल का?
— नांदेड

विंडोज ७ अडचणीचं आहे. ओबीएसने २८व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ सोडलं. मशीन ६४-बिट असेल तर त्यावर हलकं लिनक्स टाकणं हा त्यातल्या त्यात टिकाऊ मार्ग.

अँड्रॉइड फोनचा पडदा संगणकावर आणायला एससीआरसीपीवाय हे छोटं मुक्त स्रोत साधन आहे; त्याचा उच्चार ‘स्क्रीन कॉपी’ असा करतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर संगणकाला फोन दिसतच नाही आणि लोक तासभर ड्रायव्हर शोधत बसतात. फोनवर परवानगी विचारली की होकार द्या. पडदा खिडकीत आला की ओबीएसमध्ये विंडो कॅप्चर. काम झालं की डीबगिंग बंद करा. ते चालू असताना काही बँकांची अ‍ॅप उघडायला नकार देतात.

लिनक्सवरच्या ओबीएसमध्ये मराठी मथळा टाकला की ‘चित्र’ची वेलांटी च च्या मागे जाते आणि त्र फुटतो.
— गोवा

तिथला टेक्स्ट सोर्स फ्रीटाइप २ वर चालतो. तो एकेक अक्षर सुटं मांडतो, जोडाक्षरं आणि वेलांटीची जागा त्याला कळत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही. मथळा कायमचा असेल तर इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पारदर्शक पीएनजी काढा आणि इमेज सोर्स म्हणून लावा. दर वेळी बदलणारा असेल तर छोटी एचटीएमएल फाइल करून ब्राउझर सोर्समध्ये द्या. तो क्रोमियमवर चालतो, मराठी नीट उमटतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि आतही तसं नमूद करा, नाहीतर अक्षरांऐवजी कचरा दिसेल.

मागे अभंग लावले होते. संत तर चारशे वर्षांपूर्वीचे, तरी यूट्यूबने कॉपीराइटचा दावा लावला!
— पंढरपूर

तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण तुम्ही लावलेलं ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि चालीवर संगीतकाराचा हक्क वेगळा. लाइव्ह चालू असताना ओळख पटली तर यूट्यूब चित्राच्या जागी सूचनेचं चित्रही दाखवू शकतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत वापरा. त्यात काही तुकड्यांना श्रेय देणं बंधनकारक असतं, ते वर्णनात टाका. किंवा घरातल्या कोणी तरी स्वतः गायलेला, पारंपरिक चालीचा अभंग लावा.

लाइव्हमध्ये यूपीआयचा क्यूआर दाखवला तर चालेल का?
— मुंबई

चालेल, पण आधी आयडी बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो मोबाइल नंबरवरूनच बनलेला असतो, आणि स्कॅन करणाऱ्याला तुमचा नंबर आणि बँकेतलं नाव दोन्ही कळतं. नंबर नसलेला वेगळा आयडी तयार करून त्याचा क्यूआर काढा. ‘स्ट्रीम की’ (ओबीएसला चॅनेलशी जोडणारा गुप्त संकेत) मात्र कधीच दिसू देऊ नका. दिसलीच तर लगेच रीसेट करा, कारण ती हाती लागलेला कोणीही तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जाऊ शकतो.

मध्येच वीज गेली आणि दोन तासांचं रेकॉर्डिंग उघडतच नाही.
— जालना

साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. वीज गेली की ती लिहायचीच राहते. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. जिथपर्यंत झालं तिथपर्यंत ते वाचतं, आणि नंतर फाइल मेनूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जने एमपी४ करता येतं, दर्जा न घटता. ओबीएसच्या ३०.२ आवृत्तीपासून तसाच वाचणाऱ्या हायब्रिड एमपी४ चाही पर्याय आहे. लॅपटॉपची बॅटरी असली तरी राउटर बंद पडतोच, म्हणून राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, काही ९ व्होल्टचे असतात. फायबर असेल तर भिंतीवरची पेटी वेगळ्या अडॅप्टरवर आहे का तेही बघा, तिलाही वीज लागते. ओबीएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक रीकनेक्ट चालू असेल तर नेट परत येताच तेच लाइव्ह पुढे सुरू होतं.